श्पेत्सलेला फोडणी

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. एकमेकींच्या चुलीवर काय शिजतंय ते त्या दोघींनी बघून घ्यावं. भोपाळला मध्ये ओढायचं काही कारण नव्हतं. पण लेक नोकरीसाठी स्टुटगार्टला गेली आणि त्याच सुमारास मी निवृत्त झालो. माणूस रिकामा आणि लेकीकडून रोज पाककृती, मग साकेत नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात जर्मन पदार्थ शिरायला कितीसा वेळ लागणार?

जर्मन जेवण म्हणजे डुक्कर आणि बिअर, अशी आईची पक्की समजूत. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण स्टुटगार्टच्या बाजूला, म्हणजे श्वाबेन प्रांतात, घरोघरी आवडीने खातात ते मसूर आणि श्पेत्सले. मैदा, अंडी, मीठ, पाणी यांचं घट्टसर पीठ उकळत्या पाण्यात सोडायचं, की जे वेडेवाकडे तुकडे वर तरंगतात ते श्पेत्सले. सोबत सॉसेज असतं, ते मी परस्पर रद्द केलं. अंडी मात्र रद्द होईनात. ४०० ग्रॅम मैद्याला ४ अंडी, हे प्रमाण. आमच्याकडे अंड्याची कढई बाल्कनीत, वॉशिंग मशीनमागे राहते. तिला आत आणताना हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आईचा नियम सोपा आहे: अंडं दिसत नसेल तर चालतं. बेकरीतला केक याच कलमाखाली घरात आला.

मसुराची काही अडचण नव्हती. श्वाबेनच्या डोंगरपट्ट्यातला खास मसूर मध्यंतरी तिथून पार नाहीसा झाला होता. २००६ साली त्याचं बियाणं सापडलं ते थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बियाणे पेढीत. आणि इथे विदिशा-सागरकडे मसूर मुबलक. कोपऱ्यावरचा किराणावाला एवढंच विचारतो, "अंकल, साबुत दूँ कि दली हुई?" चीजच्या श्पेत्सलेसाठी लेकीने सांगितलेलं एमेंटाल चीज मागितलं तेव्हा मात्र त्याने मला क्यूब आणि स्लाइस यांतून निवड करायला लावली. तो बेत मी तिथेच सोडला.

खरी कसोटी पिठाची. लाकडी डावाने ते बडवत राहायचं, बुडबुडे फुटेपर्यंत. डाव उचलला की पीठ चिकट, जड, नाइलाज झाल्यासारखं खाली उतरलं पाहिजे. तिकडच्या आज्या हे पीठ ओल्या फळीवर पसरून सुरीने त्याच्या सळ्या भराभरा पाण्यात ढकलतात. माझ्या हाताला ती विद्या नाही, म्हणून बुंदीचा झारा घेतला. वाफेने मनगट शेकत होतं, झाऱ्याखाली पिठाच्या शेपट्या लोंबत होत्या, आणि मग एकेक तुकडा बुडून टुणकन वर येत होता. हा क्षण फार सुंदर असतो. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नसेल तर अधिक.

शिजवलेले मसूर, त्यात गाजर, तमालपत्र, मैदा भाजून दिलेला दाटपणा. शेजारी लोण्यात परतलेले श्पेत्सले. आईने चमचा फिरवला.

"वरणफळंच की रे! पण फळं इतकी बारीक का तोडलीस?"

"आई, हे जर्मन आहे."

"असेल. फोडणी राहिली वाटतं?"

तिकडे फोडणी देत नाहीत, ताटात वरून चमचाभर व्हिनेगर घालतात, हे मी समजावलं. "लिंबं महाग असतील," असं म्हणून तिने त्या राष्ट्राला माफ केलं. मी लेकीला फोटो पाठवायला बाहेरच्या खोलीत गेलो तेवढ्यात आतून चर्र आवाज आला. हिंग, लसूण, दोन लाल मिरच्या. पातेलं चाटूनपुसून साफ झालं. लेकीनेही संध्याकाळी पाककृती मागितली ती आजीची.

तरीही माझं मत ऐका. व्हिनेगर घातलेला मसूर, विनाफोडणीचा, खरोखर चांगला लागतो. त्याला एक संधी द्यायला हवी. करून बघा. मसूर अख्खा घ्या, पीठ मन लावून बडवा, व्हिनेगर वाढतानाच घाला. आणि जेवणं होईपर्यंत हिंगाची डबी खिशात ठेवा.