देखणा कॅन्सर

पडद्यावरचा कॅन्सर दिसायला फार देखणा असतो. त्याला ना मळमळ, ना तोंड येणं, ना मेडिक्लेमवाल्यांचे फोन. जॉन ग्रीनच्या २०१२ च्या कादंबरीवर २०१४ मध्ये हॉलिवूडने सिनेमा काढला आणि २०२० मध्ये आपण ‘दिल बेचारा’. मूळ गोष्टीतलं जोडपं अ‍ॅमस्टरडॅमला जातं, आपलं टाटांच्या जमशेदपूरहून पॅरिसला. आजार तोच ठेवला, व्हिसा तेवढा बदलला. नायिकेच्या ऑक्सिजन सिलिंडरलाही नाव आहे: पुष्पिंदर!

आमच्या नवी मुंबईतही टाटांचं नाव आणि कॅन्सर एकत्र नांदतात. खारघरला टाटा मेमोरियलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कॅन्सर केंद्र आहे. पण हार्बर लाइनने खारघरला उतरणाऱ्या पोरापोरींच्या मागे ‘दिल बेचारा’सारखं रेहमानचं संगीत वाजत नाही. ‘पुढील स्टेशन’ची घोषणा वाजते. हातात गुलाब नसतो, जाडजूड फाइल असते, आणि ती भिजू नये म्हणून किराणा दुकानाच्या पिशवीत घातलेली. रिक्षावाला विचारतो, “हॉस्पिटल ना?” तो चेहऱ्याकडे नाही, पिशवीकडे बघून ओळखतो.

पॅरिसच्या विमानात रुग्णाला कोण सवलत देणार? आपली रेल्वे मात्र देते. उपचाराला निघालेल्या कॅन्सरग्रस्ताला आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला. फॉर्मवर त्या माणसाला ‘एस्कॉर्ट’, म्हणजे सोबती, म्हणतात.

सिनेमावाले ज्याला प्रेम म्हणायला दोन तास घेतात, ते रेल्वेने एका रकान्यात बसवलंय.