पायाचा अर्ज

जुन्या मोटारींत अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे एक तार होती. इकडे पाय दाबला की तिकडे इंजिनाची हवेची झडप उघडायची, मध्ये कोणी नाही. तार अडकली की तेल घालायचं, तुटली की दिसायची. घाटात ती सुतळीने बांधून घर गाठणारे पुरुष पुढे वीस-वीस वर्षं लग्नाच्या पंगतीत तो किस्सा सांगायचे. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूने आपल्या मोठ्या गाडीतून ही तार काढली आणि मग हळूहळू सगळ्यांनीच काढली. आता पाय थेट काही करत नाही. पाय अर्ज करतो.

हा अर्ज विजेचा असतो आणि रीतसर दोन प्रतींत द्यावा लागतो. पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर असतात. इंजिनाचा कॉम्प्युटर त्यांना पाच-पाच व्होल्ट देतो आणि पाय किती दाबला त्या हिशेबाने ते त्यातले काही परत पाठवतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या प्रतीवरचा आकडा पहिलीच्या निम्मा असावा लागतो. पाय उचललेला असताना एकीवर पाऊण व्होल्टच्या आसपास, तर दुसरीवर त्याच्या निम्मे. पेडल तळाला टेकलं की साधारण चार आणि दोन. आकडे जुळले की अर्ज मंजूर. नाही जुळले, तर कोणती प्रत खोटी हे ठरवण्याच्या भानगडीत कॉम्प्युटर पडत नाही. पिवळा दिवा लावतो, ‘पी २१३८’ असा शेरा मारतो आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढीच रेस मंजूर करतो. याला लिम्प मोड म्हणतात.

आमच्या अर्जावर हा शेरा पडला तो ऐन पावसाळ्यात, खंबाटकी घाटात. पेडल जमिनीला टेकलेलं आणि ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून पुढे चाललेले. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “एवढं सावकाशच जायचं होतं, तर एसटीने आलो असतो. निदान खिडकी तरी मिळाली असती.”

मग निदान सुरू झालं. आपल्याकडे गाडीचं निदान करायला गाडी समोर लागत नाही. मेव्हण्याने फोनवर दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं न ऐकता “पेट्रोलमध्ये भेसळ” असा निकाल दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी “उंदीर” एवढंच सांगितलं. लिफ्ट बंद पडली, नळाला पाणी आलं नाही, पेपर उशिरा आला, तरी काका उंदीरच म्हणतात, आणि कधी ना कधी बरोबर ठरतात. ऑफिसातल्या मित्राने बॅटरीची तार दहा मिनिटं काढून परत लावायला लावली. दिवा विझला. त्याने माझ्याकडून मिसळ वसूल केली. पुढची सर आली, दिवा परत लागला. मिसळ परत मिळाली नाही.

या गदारोळात बायको एकदाच म्हणाली होती, “पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी हे होतं.” तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. कारण ती निदान सांगत नव्हती, नुसती माहिती देत होती.

सर्व्हिस सेंटरमधल्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणाने स्कॅनर लावला आणि म्हणाला, “सर, पेडल असेंब्ली बदलावी लागेल. नुसता सेन्सर वेगळा येत नाही.”

“पेडल तपासलंत का?”

“कोड आलाय ना, सर!”

आता तो कोड इतकंच म्हणतो की दोन प्रती जुळत नाहीत. प्रत पेडलनेच चुकीची लिहिली, वाटेत भिजली, की वाचणाऱ्या कॉम्प्युटरचंच काही बिघडलं, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. पण अंदाजपत्रकात ‘पेडल’ हा शब्द छापता येतो, ‘बघावं लागेल’ हे छापता येत नाही.

पेडलवरून मोठमोठ्यांची झोप उडालेली आहे. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशी ओरड झाली. लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि दोष इलेक्ट्रॉनिक आहे का, हे पाहायला तिथल्या सरकारने चक्क नासाला बसवलं. २०११ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. गाडी बेफाम सोडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष काही सापडला नाही. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने बोट ठेवलं ते पेडलवर चढणाऱ्या पायाखालच्या मॅटवर, दाबल्यावर वेळेत वर न येणाऱ्या पेडलवर, आणि ब्रेक समजून भलतंच दाबणाऱ्या पायांवर. नासाला मात्र काही जुन्या पेडल सेन्सरांत कथिलाचे केसाहून बारीक तंतू उगवलेले दिसले. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेने पेडल उघडून केस मोजले, आणि माझ्या मेव्हण्याला हे काम फोनवर जमतं!

शेवटी नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मी त्याला सगळ्यांची मतं क्रमवार सांगितली. तो ती ऐकत असावा असं मला बराच वेळ वाटलं. मग त्याने सगळ्यात आधी पायाखालची मॅट ओढून बाहेर फेकली. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, स्कॅनरवर दोन्ही आकडे लावले आणि मला पेडल अगदी हळू दाबायला सांगितलं. आकडे एका लयीत चढले पाहिजेत, मध्येच उडी मारली तर सेन्सर झिजलाय. आमच्यात उडी नव्हती. दुसरा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा त्यापेक्षा थोडा वरच होता. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून त्याने पेडलचा कपलर हलवला. आकडा थरथरला.

“पेडल गेलं?” मी विचारलं.

“मीटर लावल्याशिवाय बोलत नाय.”

हे वाक्य मी आमच्या खानदानात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

कपलरात सहा तारा. दर सेन्सरला तीन: एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, एक निरोपाची. पाच व्होल्ट दोन्हीकडे चोख मिळत होते. दुसऱ्या सेन्सरची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मीटर जवळजवळ शून्य दाखवायला हवा होता. तो दाखवेना. कपलर सोडवला तर ती पिन हिरवी पडलेली. अर्थिंग कच्चं, म्हणून निरोपाचा आकडा फुगलेला. मग त्याने वायपरखालची जाळी काढली. पाणी वाहून जायची भोकं गुलमोहराच्या बारीक पानांनी गच्च भरली होती. तुंबलेलं पाणी वायरिंगच्या कडेकडेने थेट कपलरात उतरत होतं. पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी.

पिन बदलली, भोकं साफ केली, कोड पुसला. गाडीने रेस घेतली. बिल इतकं कमी आलं की मेव्हण्याचा त्यावर विश्वासच बसला नाही. “तात्पुरतं केलंय त्याने,” तो म्हणाला, “भेसळ तशीच आहे.” काका म्हणाले, “ती पानं तिथे नेली कोणी? उंदरांनी!”

उरला गुलमोहर. तो सोसायटीचा, आणि त्याखालच्या सावलीतल्या जागेसाठी मी तीन वर्षं कमिटीशी भांडलेलो. महिन्याच्या सभेत फांद्या छाटाव्यात असा एक ठराव आला आणि छाटू नयेत असा दुसरा. दोन्हींना सारखेच हात वर झाले. हातांची मोजणी केली तेव्हा ते हजर सभासदांपेक्षा जास्त भरले, म्हणजे काहींनी दोन्हीकडे मत दिलं होतं. कोणाचा हात खोटा, हे ठरवण्याच्या भानगडीत सेक्रेटरी पडले नाहीत. ‘विषय पुढील सभेपर्यंत तहकूब’ असा शेरा मारून त्यांनी चहा मागवला. आमची सोसायटी गेली कित्येक वर्षं लिम्प मोडमध्येच चालली आहे. फक्त तिला पिवळा दिवा बसवलेला नाही, म्हणून कोणी नाना पेठेत नेत नाही.