क्वालिटीसाहेब घर सोडतात

घर सोडायचं ठरलं की क्वालिटीसाहेबांना खिडक्या दिसायला लागतात. तोवर त्या भिंतीतच जमा असतात.

साहेबांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत ते कास्टिंग तपासायला आहेत. हातातला तुकडा उजेडाकडं धरायचा, फिरवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "ब्लो होल आहे. रिजेक्ट." ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून येता येत नाही. भाजीवाल्याच्या गाड्यावर वांगं हातात घेतलं तरी तोच मिटलेला डोळा. वांग्यात भोक सापडतंही, पण भाजीवाला ते रिवर्कला परत घेत नाही.

अशा माणसाच्या घरातल्या खिडक्या आरशासारख्या असतील असं वाटतं ना? चूक. साहेब राहतात त्या घराच्या खिडक्या वर्षभर बंद. उघडली तर धूळ येते, आणि बंद असली की पुसायची कशाला, असा बिनतोड हिशेब. धुळीचं मात्र त्यांचं खरं आहे. सांगली आणि मिरज यांच्याबरोबर 1998 साली महापालिका झाली तेव्हा कुपवाडला नावात तिसरी जागा मिळाली. धुळीची क्रमवारी लावली असती तर पहिली कुणी हिसकावली नसती. फौंड्रीची काळी वाळू, वाहनांनी उडवलेला मुरूम, आणि उन्हाळ्यात वारं सुटलं की शेजारच्या रानातली माती. इंग्लंडात 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता, म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. आमच्याकडं कर न लावताच तेवढं काम झालं.

तर साहेबांचं घर बदलणं. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या कायद्यानं सक्तीची, म्हणून कुणीतरी शहाण्यानं अकराचा आकडा काढला. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवायलाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. म्हणजे त्या आकड्याचा उपयोग संपला, आकडा राहिला. करारात एक ओळ ठरलेली: घर घेतलं त्या स्थितीत परत द्यायचं, नैसर्गिक झीज सोडून. काचेवरची धूळ ही झीज की वाढ, यावर साहेब अर्धा तास बोलू शकतात. पण बोलून झालं की बादली घेतात. करारात काही का लिहिलेलं असेना, "माझ्या हातातनं रिजेक्ट माल बाहेर जाणार नाही."

छोटा हत्ती सकाळी दहाला यायचा असतो. साहेब पहाटे पाचला खिडकीवर चढलेले. पहाटेलाच का, तर उन्हात काच पुसली की पाणी पुसण्याआधी सुकतं आणि पट्टे उठतात. हे त्यांनी गल्लीत इतक्या जणांना सांगितलंय की आता पोरंही सांगतात. क्रमही ठरलेला. आधी मच्छरजाळी उतरवून मोरीत उभी करायची. मग अॅल्युमिनियमचा ट्रॅक, मग चौकट, काच सगळ्यात शेवटी. ट्रॅकमध्ये जुना दात घासायचा ब्रश फिरतो आणि वर्षाचा इतिहास वर येतो: मुंग्यांचे सांगाडे, बेदाण्याची देठं, पोराची हरवलेली खोडरबरं. त्या खोडरबरांपायी पोरानं मार खाल्लेला असतो. साहेब ती वहिनींपासून लपवून खिशात घालतात.

काचेवर पांढरे डाग असतात ते बोअरच्या पाण्याचे. त्यातला क्षार साध्या पाण्यानं हलत नाही, उलट त्याच बोअरच्या पाण्यानं पुसलं की वाढतो. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू. साहेब लिंबू वापरतात, कारण व्हिनेगर विकत आणावं लागतं आणि लिंबं शेजारी मागता येतात. शेजारी म्हणजे आम्ही. आतून पुसताना हात आडवा, बाहेरून पुसताना उभा. म्हणजे पट्टा राहिला तर कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. ही युक्ती मात्र खरंच नामी आहे. मी घरी करून बघितली, आणि पट्टे दोन्ही बाजूंना आहेत एवढं पक्कं समजलं.

शेवटचा हात जुन्या वर्तमानपत्राचा. इथं सगळं अडतं. कारण साहेब कागद चुरगळण्याआधी वाचतात. ऑगस्ट 2019 चा अंक हाती लागला की संपलंच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेल्याची बातमी, आणि धोक्याची पातळी 45. "त्या वेळी सांगलीतनं किती माणसं खोल्या बघत आपल्याकडं आली, आठवतंय का?" खिडकीत बसल्या बसल्या पूर पुन्हा चढतो, उतरतो, आणि खाली छोटा हत्तीवाला हॉर्न वाजवतो. साहेब तो कागद घडी करून बाजूला ठेवतात. हा अंक काचेला लावायचा नाही. त्यामुळं प्रत्येक घरातनं निघताना सामान वाढतं ते रद्दीनंच.

मागच्या खेपेला हॉलच्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये त्यांना बाहेरच्या अंगाला दोन बारकी भोकं सापडली. पावसाचं पाणी निघून जायची. मातीनं गच्च बुजलेली. साहेबांनी सायकलच्या चाकाची तार घातली, फिरवली, वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ बाहेर.

वहिनी दारात पोतं बांधत होत्या. सुतळी हातातच राहिली.

"अहो, पावसाळाभर मी त्या खिडकीखाली परात ठेवत होते!"

"मग?"

"मग ही भोकं तेव्हा का नाही साफ केली?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. "तेव्हा आपण इथं राहत होतो की."

वहिनींनी पुढं काही विचारलं नाही. पोतं मात्र असं आवळलं की त्यातला डबा चेपला.

मग घरमालक अण्णा आले. अण्णांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू चांगला पिकलाय. वानलेस डॉक्टरांच्या काळापासून, म्हणजे 1894 पासून, मिरज दवाखान्यांचं गाव. तिथं लांबलांबून पेशंट येतात. कुपवाडातनं मिरजेला जायला कितीसा वेळ लागतो? पण अण्णा ऑपरेशन दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलतात. घर ताब्यात घेताना बोट फिरवून धूळ बघायची त्यांची रीत. ते हॉलमध्ये आले, खिडकीसमोर थांबले आणि चेहरा पडला.

"काचा काढून न्हेल्या व्हय ओ?"

"अण्णा, पुढं हात करा की जरा."

अण्णांनी हात केला नाही, डोकं काढून बाहेर बघायला गेले. टक्क आवाज झाला. साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. कपाळ चोळत अण्णा म्हणाले, "आयला, एवढी स्वच्छ असतीया व्हय माझी काच!"

कौतुक झालं तरी डिपॉझिटमधनं पैसे कापलेच. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, एक. बाथरूमच्या कडीचा स्क्रू, एक. साहेबांनी वाद घातला नाही. तपासणाऱ्याला काहीतरी सापडायलाच हवं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? शिवाय त्यांच्या मते तो माल खिडक्यांपुरता पास होता. अण्णांनी मात्र त्याच आठवड्यात घर बघायला आलेल्यांना उजेड दाखवून भाडं पाचशेनं वाढवलं.

नव्या बिऱ्हाडानं आल्या दिवशीच त्या काचांवर कागद डकवले. समोरच्या गच्चीवरनं घरातलं सगळं दिसतं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या पोटात गोळा आला, कारण साहेबांचा कामावर जायचा रस्ता तोच. झालंही तसंच. सेकंड शिफ्टला निघालेले साहेब गाडी बंद करून खिडकीखाली उभे राहिले. वर बघितलं, एक डोळा मिटला. नवी वहिनी घाबरून दारात आली.

"काय ओ काका, काय झालं?"

"कागद कशानं डकवलासा? फेव्हिकॉलनं का खळीनं?"

"खळीनं. का ओ?"

"मग हरकत न्हाई," साहेब किक मारत म्हणाले. "अकराव्या महिन्यात पाण्यानं निघतंय."