माजी कोचचा आजी भक्त

छत्रपती संभाजीनगरात रात्री दीड वाजता एखाद्या घरात दिवा दिसला तर समजावं, की तिथे बारावीचं पोर आहे, नळाला पाणी यायचंय, नाहीतर फुटबॉल चालू आहे. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत एका रो-हाऊसमध्ये यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सुखाने नांदतात. पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही अवेळी. चॅम्पियन्स लीगही अवेळीच. त्यामुळे या गृहस्थाच्या बायकोने फुटबॉलला आजवर विरोध केलेला नाही. "जागेच आहात तर मोटर तेवढी लावा," एवढीच तिची अट. मध्यंतरात तो हौदात बॅटरी मारून पाणी किती चढलं ते बघतो आणि ऑफसाइडवर स्वतःशी बोलत परत येतो. सकाळी वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेला जो दिसतो, तो हाच.

असे लोक शहरात बरेच आहेत. आमखास मैदानावर संध्याकाळी पोरं खेळतात, तिथे कडेला उभे राहून न मागितलेले सल्ले देणाऱ्यांत ते सापडतात. पण आमचा हा नमुना वेगळा, कारण याचा जीव खेळाडूंत नाही, कोचमध्ये अडकलाय. क्रिकेटवाल्यांना हे समजावून सांगणं अवघड. त्यांच्याकडे कोच म्हणजे टोपी घालून बाल्कनीत बसलेला, विकेट पडली की कॅमेऱ्यात दिसणारा माणूस. तो गेला काय, राहिला काय! २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली गेली, तेव्हा कुठे शेजारच्यांना याच्या दुखण्याची थोडी कल्पना आली. तीही थोडीच.

याचा मूळ संघ पुणे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याला अर्थातच काही आलं नाही. अनुशेषाच्या तक्त्यात फुटबॉलचा रकानाच नाही. मग जवळचं म्हणून पुणे धरलं. मुंबई का नाही, असं विचारलं तर तो खुर्ची पुढे ओढून बसतो. "मुंबईला सगळंच जातं. निधी जातो, हेडऑफिसं जातात, आपली पोरं जातात. आता माझा पाठिंबाही तिकडेच पाठवू?" हा मुद्दा बिनतोड आहे, निदान औरंगपुऱ्याच्या चौकात तरी.

पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. त्या दिवशी तो जे म्हणाला ते मराठवाड्यातलाच माणूस म्हणू जाणे: "अठ्ठेचाळीस साली हैदराबादच्या तावडीतून सुटलो, आणि आता संघ पुन्हा तिकडेच!" यावर सगळे हसले. बायको मात्र हसली नाही. तिला ठाऊक होतं, की पुणे बंद पडायच्या दोन वर्षं आधीच याची नजर गोव्याकडे वळली होती आणि कपाटात पुण्याच्या जर्सीखाली एक भगवी जर्सी घडी घालून ठेवलेली होती.

त्या जर्सीचं कारण सर्जिओ लोबेरा. झारागोझाचा स्पॅनिश माणूस, बार्सिलोनाच्या शाळेत तयार झालेला. २०१७ मध्ये तो एफसी गोवाचा कोच झाला आणि भारतीय फुटबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून फिरताना दिसू लागला. तोवर आपल्याकडे चेंडू बहुतेक वेळ हवेतच असायचा. फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा कोरो, याने पहिल्या मोसमात १८ गोल केले, दुसऱ्यात १६. मधल्या फळीत अहमद जाहू उभ्याउभ्या चाळीस यार्डांचा पास असा टाकायचा, की घेणाऱ्याने फक्त पाय पुढे करायचा. आमचा गृहस्थ या काळात जेवताना ताटात मीठ, लोणचं आणि लिंबाची फोड मांडून गोव्याचा डाव समजावायचा. लिंबाची फोड म्हणजे जाहू. पोरीने ती उचलून वरणावर पिळली की "अगं, मिडफिल्ड मोकळं पडलं!"

२०१९ ची अंतिम फेरी अंधेरीत झाली. तो देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेला. सामना जादा वेळेत गेला आणि ११७ व्या मिनिटाला बंगळुरूच्या राहुल भेकेने डोक्याने गोल केला. भेके मुंबईचा. "बघा," तो परत आल्यावर म्हणाला, "शेवटी मुंबईनेच मारलं." पुढच्याच महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला, त्याचे पेढे गल्लीत वाटले गेले. पेढे कशाचे ते कोणाला कळलं नाही, पण नाही कोणी म्हटलं नाही.

आणि मग ३१ जानेवारी २०२०. गोवा गुणतालिकेत पहिला असताना गोव्याने लोबेराला काढून टाकलं.

इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण सगळा गोंधळ इथे आहे. लोबेरा सोडून गेला नाही, त्याला घालवलं गेलं. आणि घालवल्यावरही गोव्याचं काही बिघडलं नाही. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली संघ जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत जागा मिळवणारा भारतातला पहिला संघ ठरला. म्हणजे लोबेरावर रागवायला कारण नाही, आणि त्याच्यासाठी हळहळायलाही फारसं कारण नाही. पण इतक्या कोरड्या हिशेबावर चाहत्याचं पोट भरत नाही. ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की लोबेरा मुंबई सिटीचा कोच झाला. मुंबईचा! आमच्या गृहस्थाला कारण मिळालं.

तो एकटा गेला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या आगेमागे जाहू, ह्यूगो बूमूस, मोर्तादा फॉल आणि आपला गोव्याचाच मंदार राव देसाई, एवढी मंडळी मुंबईच्या निळ्यात दिसू लागली. आमच्या शहरात हे सगळ्यांना लगेच कळतं. गणिताचे सर एका क्लासमधून निघून समोरच्या इमारतीतल्या क्लासमध्ये जातात, तेव्हा ते एकटे जात नाहीत. पहिल्या बाकावरची टॉपर पोरं, छापील नोट्स आणि होर्डिंगवरचे फोटो असं सगळं सोबत जातं. जुन्या क्लासच्या मालकानेच सरांशी भांडण काढलेलं असतं, पण पालकांत "सर फितूर झाले" असंच म्हटलं जातं.

"गद्दार," तो म्हणाला.

"पण काढलं तर तुम्हीच," बायको.

"मी नाही, मॅनेजमेंटने."

"मग मॅनेजमेंटवर रागवा."

"मॅनेजमेंटचा चेहरा कुठे दिसतो टीव्हीवर?"

हे मला फार पटलं. राग धरायला समोर चेहरा लागतो, आणि लोबेराचा चेहरा तर दर सामन्यात साइडलाइनवर दिसतो.

शहागंजकडे राहणारा त्याचा एक जुना दोस्त आहे, शाळेपासून आमखासवर सोबत खेळलेला. तो चेल्सीचा भक्त, म्हणजे या रोगाचा जुना पेशंट. त्याने चहाच्या टपरीवर निकाल देऊन टाकला: "निकाले बी तुमीच, रोते बी तुमीच! कायकू मियाँ?" मग त्याने मोरिन्होचं पुराण लावलं. चेल्सीने काढलेला मोरिन्हो २०१० मध्ये इंटर मिलान घेऊन लंडनला आला आणि १-० जिंकून गेला. २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेऊन आला आणि चार गोल खाऊन गेला. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आला, तेव्हा जुन्याच प्रेक्षकांनी त्याला विश्वासघातकी म्हणून शिव्या घातल्या, तर त्याने त्यांना तीन बोटं दाखवली: तुमच्यासाठी तीनदा लीग जिंकलीय, मोजा. दोस्ताने बोटं वर करून दाखवली, तशी टपरीवाल्याने तीन चहा आणून ठेवले.

कोलकात्यात तर पी. के. बॅनर्जींसारखे थोर गुरू ईस्ट बंगालला सत्तरच्या दशकात वैभव दाखवून थेट मोहन बागानला गेले. पण ते ऐकून आमच्या माणसाचं समाधान झालं नाही. दुसऱ्याच्या घरी असं घडलं म्हणून आपलं घर शांत होत नाही.

आता नियतीची खोड बघा. २०२०-२१ चा अख्खा मोसम कोविडमुळे गोव्यातच झाला, रिकाम्या मैदानांवर. म्हणजे लोबेरा मुंबईला घेऊन परतला तो थेट फातोर्ड्यात, जुन्याच घरी. आणि स्वागताला कोणी नाही! शिट्टी मारायला नाही, टाळी वाजवायला नाही, बॅनर धरायला नाही. हजारो लोकांनी मिळून वाटून घ्यायचा असतो तो राग आणि ते प्रेम आमच्या या एका माणसाला गारखेड्यातल्या बैठकीच्या खोलीत एकट्याने पेलावं लागलं. नोव्हेंबरमध्ये पहिली गाठ पडली तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर मुंबई १-० जिंकली. तो शिट्टी वाजवायला गेला, पण फुंक आधीच संपली होती.

मार्चमध्ये उपांत्य सामना आला, पुन्हा गोवा आणि मुंबई. पहिला टप्पा २-२. मुंबईचे दोन गोल कोणी केले? बूमूस आणि फॉल. "चारही गोल आपलेच," तो हिशेब करून म्हणाला. ही त्याची खासियत. मुंबई चांगली खेळली की "डाव आपलाच आहे." मुंबई वाईट खेळली की "आपल्याकडे होता तेव्हा असं नव्हतं." गोवा वाईट खेळला की "तो असता तर." आणि गोवा चांगला खेळला की "बिया त्यानेच पेरल्यात." या चारही वाक्यांत लोबेरा आहे, आणि शिव्या देताना 'तो' असलेला माणूस गोव्याच्या जुन्या आठवणी निघाल्या की 'लोबेरासाहेब' होतो. दुसरा टप्पा ०-० राहिला, पेनल्टी शूटआउट लांबलं आणि मुंबई ६-५ अशी पुढे गेली. तो दहा मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "पेनल्टी म्हणजे नशीब. साहेबाचं श्रेय नाही यात." लोबेराला श्रेय नाकारताना त्याने 'साहेब' म्हटलं, हे मी डायरीत नोंदवून ठेवलंय.

अंतिम सामना १३ मार्चला, शनिवारी, फातोर्ड्यातच. आमच्याकडे शनिवार-रविवारची कडक टाळेबंदी होती, त्यामुळे दोस्त येऊ शकला नाही, फोनवर होता. मोहन बागानशी १-१ बरोबरी असताना ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई पहिल्यांदा विजेती झाली. जो करंडक गोव्याला मिळवून देता आला नव्हता तो लोबेराने गोव्याच्याच मैदानावर उचलला. त्या क्षणी या गृहस्थाच्या खोलीतून एक टाळी ऐकू आली. एकच.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "टाळी वाजवलीत?"

"डास," तो म्हणाला.

तिने विषय वाढवला नाही. आपल्या शहरात डासाचं कारण कोर्टातही टिकेल.

त्यानंतर लोबेरा चीनला गेला, मग ओडिशाला आला, पुढे मोहन बागानला. तसतसा याचा राग निवळला. तिसऱ्या-चौथ्या घरी गेलेल्या माणसावर कोण रागावतं? ओडिशा गोव्याशी खेळला तेव्हा तो टीव्हीसमोर पालक निवडत बसला होता. पण जुनं दुखणं ऋतू बदलला की उठतंच. २४ एप्रिल २०२४ ला उपांत्य फेरीचा पहिला टप्पा, फातोर्ड्यात. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे. आणि तिथून मुंबईने तीन गोल करून सामना ३-२ जिंकला. मुंबईचा कोच तेव्हा पीटर क्रातकी होता. लोबेराचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

"त्यानेच," हा म्हणाला. "शेवटपर्यंत दम धरायचं त्यानेच शिकवून ठेवलंय त्यांना."

"तीन वर्षांपूर्वी?" मी विचारलं.

"शिकवलेलं वाया जातं का कुठे?"

खरं सांगायचं तर जुन्या कोचने हरावं असं त्याला वाटत नाही. त्याला हवं असतं ते भलतंच: त्याने यावं, त्याचा संघ सुरेख खेळावा, लोकांनी म्हणावं की वा, आणि मग एका गोलने हरून जाताना त्याने आपल्या बाजूला एकदा बघून थोडं चुकल्यासारखं वाटून घ्यावं. इतकं नाजूक वेळापत्रक फुटबॉल कोणासाठी पाळत नाही. निदान पाळत नव्हता.

३० सप्टेंबर २०२५. मोरिन्हो बेन्फिकाला घेऊन पुन्हा चेल्सीच्या मैदानावर. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि नेमकी पाण्याची पाळी. दोस्त शहागंजहून मोटारसायकलवर आला होता. चेल्सीच्या लोकांनी मोरिन्होचं प्रेमाने स्वागत केलं. सगळं माफ, सगळं आठवणीत. अठराव्या मिनिटाला बेन्फिकाच्या रिचर्ड रिओसचा पाय लागून चेंडू बेन्फिकाच्याच जाळ्यात गेला. चेल्सी १-०, तोच निकाल कायम राहिला. दोस्त नाचत होता. आमचा माणूस मात्र दारात, मोटरच्या बटणावर हात ठेवून उभा, आणि तोंडावर असूयेचे भाव.

"बघ," तो म्हणाला, "याला म्हणतात जुन्या माणसाचा मान राखणं. टाळ्या आपण वाजवायच्या, गोल त्यांनी करायचा, तोही स्वतःवर. आपल्या लोबेराला हे कधी जमलं नाही."

"मियाँ, मोटर," दोस्त म्हणाला. हौद भरून पाणी रस्त्यावर आलं होतं.