कोटणीस डॉक्टरांची व्हिजिट

आमच्या सोलापुरात शोकसभेला वक्ते कमी पडत नाहीत. दिवंगत सहकाऱ्याबद्दल बोलायला उठलेला गृहस्थ तिसऱ्या वाक्याला 'मी'वर येतो, पाचव्याला स्वतःच्या बायपासवर, आणि अध्यक्ष घड्याळ बघू लागले की नेमका गहिवरतो. मग दोन मिनिटांची स्तब्धता. तीही जेमतेम अर्धी होते न होते, तोच कुणाच्या तरी खिशात गणपतीची आरती वाजते.

अशा वेळी मला डॉ. बिजॉयकुमार बसू आठवतात. ते कोलकात्याचे, पण त्यांचे सहकारी आमचे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चौघे परतले. कोटणीस तिथलेच झाले. चिनी शिकले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला फिट येऊन गेले. वय ३२.

मग सगळ्यांनी आपापल्या परीनं आठवण जागवली. शांतारामबापूंनी १९४६ साली सिनेमा काढला. स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाईंना चिनी केलं. ते कितपत पटलं, हे चिनी माणसालाच विचारलेलं बरं.

बसूंचं मात्र वेगळंच. पुढं कधीतरी ते पुन्हा चीनला गेले, तिथं सायनसच्या जुन्या दुखण्यावर सुया टोचून घेतल्या, गुण आला, तर ती विद्याच शिकून आले. थोड्याच वर्षांत १९६२ उजाडलं आणि चीनचं नाव काढायची सोय राहिली नाही. बसू सुया घेऊन बसलेलेच. पुढं कोटणीसांच्या नावाची समिती त्यांनी पुन्हा उभी केली आणि तिच्यासोबत सुयाही गावोगाव गेल्या. लुधियानात तर कोटणीसांच्या नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालयच आहे. कंबर सरदारजींची, सुई चिनी, शिकवण बंगाली गुरूची आणि पाटीवर नाव सोलापूरकराचं! सर्वधर्मसंवादाच्या परिषदांना मी जाऊन आलोय. जेवण उत्तम असतं. पण तिथं कुणाची कंबर मोकळी झालेली काही पाहिली नाही.

सरकारांचंही डॉक्टरांवाचून चालत नाही. चीनचे राष्ट्राध्यक्ष हू चिंताओ २००६ साली आले, पंतप्रधान ली खछ्यांग २०१३ साली आले. दोघंही मुंबईत कोटणीसांच्या घरच्यांना भेटले. सीमेवर कितीही ताप चढलेला असो, पाहुणे आले की डॉक्टरांना व्हिजिटला बोलावतात. फी अर्थात कुणी देत नाही.

इकडं सोलापुरात भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक झालंय. तिथं येणाऱ्या चिनी पाहुण्यांना पुष्पगुच्छ जरूर द्यावा. पण मागोमाग कडक भाकरी आणि शेंगाचटणीही ठेवावी, असं माझं आपलं मत. आणि सीमेच्या बोलण्यांतही ती दोन्ही बाजूंना वाढावी. कडक भाकरी तोंडात असताना भांडून दाखवा की ओ!