तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना अनावृत पत्र

सन्माननीय साहेब,
सा. न. वि. वि.

लिफ्टमध्ये भेट झाली की आपण माझ्या पेटीची न चुकता चौकशी करता, त्याबद्दल आधी आभार. इतकी काळजी माझ्या सख्ख्या भावानंही कधी केली नाही. "मग, परीक्षा कधी?" हा आपला पहिला प्रश्न. "कार्यक्रम कधी?" हा दुसरा. "या वयात?" हे आपण तोंडानं विचारत नाही. तेवढं काम आपल्या भुवया करतात.

आपल्या कानांचेही उपकार. अडीच वर्षं झाली तरी माझा भूप साफ नाही, हे आपण जिन्यात चारचौघांसमोर सांगितलंत. खरं आहे ते. भूपात मध्यम नाही, म्हणून गंधारावरून पंचमावर जाताना अंगठा बोटांखालून काढून मधली पट्टी ओलांडावी लागते. माझा अंगठा दहातल्या चार वेळा त्या मध्यमावरच पडतो. उरलेल्या सहा वेळा मात्र तो नेमका पंचमावर टेकतो, भाता भरलेला असतो आणि वडिलांच्या जुन्या पेटीचा सूर घरभर पसरतो. त्यासाठी मी रोज बसते. त्या सहा वेळा आपण कुठल्या रकान्यात मांडता, तेवढं कृपया कळवावं.

आपण एक थोर परंपरा चालवत आहात, हेही नमूद करते. १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, अशी तक्रार होती. बंदी तीस वर्षं टिकली. पण गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी खाली ठेवली नाही. माझे वडील त्यांच्यातलेच. विशारद झालात का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. एकादशीला पेटी घेऊन या, एवढंच सांगायचे.

आता सर्वांत मोठा उपकार. आपला नातू संध्याकाळी माझ्याकडे यायचा. मी पट्ट्या दाबायची, तो भाता मारायचा. भात्यावरचा हात थांबला तरी सूर जरा रेंगाळतो, मग विरतो. तो पुरता विरेपर्यंत पोरगा श्वास धरून बसायचा आणि म्हणायचा, "आजी, परत."

नुसता वेळ फुकट जायला नको, म्हणून आपण त्याला क्लासला घातलंत, 'प्रारंभिक'ला बसवलंत. पहिल्या वर्गात पास झाला, आपण इमारतभर पेढे वाटलेत. त्यानंतर त्यानं पेटीला हात लावलेला नाही. मी बोलावलं तर म्हणाला, "झालो ना मी पास."

साहेब, आभार पुरे झाले, आता विनंती करते. गुरुवारी संध्याकाळी त्याला खाली पाठवा. परीक्षा नाही, कार्यक्रम नाही. मला भाता मारायला माणूस हवा आहे.

कळावे,
आपली दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण