हार्वेस्टरच्या मागे वाका

दसरा-दिवाळीच्या टप्प्यात लोधीखेडा, सौंसर भागात कापूस वेचणीला येतो आणि सोयाबीनही वाळतं. मजूर तेवढेच. सोंगणीला माणसं मिळत नाहीत म्हणून हार्वेस्टर लावावा लागतो, त्यात गैर काही नाही. गैर पुढे आहे. सगळ्यांची नजर ट्रॉलीत पडणाऱ्या धारेवर. वावरात काय सांडलं, ते कोणी बघत नाही. मग झडती कमी आली की शिव्या बियाण्याला, पावसाला आणि येलो मोझॅकला.

सोयाबीनची देशाची सरासरी हेक्टरी दहा-अकरा क्विंटल, म्हणजे एकरी चारच्या आसपास. ब्राझीलवाले तिप्पट घेतात. त्यांचं हवामान वेगळं, वाण वेगळे. ते आपल्या हातात नाही. पण पिकलेलं घरी आणणं तर आहे!

तारेची एक फूट बाय एक फूट चौकट करा. यंत्र गेलं की मागे टाका, कुटार बाजूला सारा, दाणे मोजा. शंभर दाणे ११ ग्रॅम धरले, तर चौकटीतला एक दाणा म्हणजे एकरी पावणेपाच किलो, कारण एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. वीस दाणे निघाले तर जवळपास एक क्विंटल मातीत. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एकरामागे पाच हजार रुपये पडून राहिले, आणि यंत्राचं भाडं वेगळं दिलं. भावांतर योजनेत हमीभाव आणि मंडीभावातला फरकही मंडीत विकलेल्या मालावरच मिळाला, सांडलेल्यावर नाही.

हे नुकसान बहुतेक समोरच्या कटरवरच होतं. धोंड्याच्या भीतीने कटर उचललेला, म्हणून बुडाच्या शेंगा खुंटालाच राहतात. भर उन्हात शेंगा तडकतात, वेगाने फिरणारा रीळ त्या झोडपतो. चालकाला दोष देऊन भागणार नाही. त्याला पैसे एकरावर मिळतात, पुढचा शेतकरी धुऱ्यावर उभा असतो, चालक यंत्र पळवणारच. आपण भाव ठरवताना एकराचा दर बोलतो, कटरची उंची कधीच बोलत नाही. चूक तिथे आहे.

बियाण्याला ठेवायचा माल तर आणखी जपावा लागतो. सोयाबीनची साल पातळ. ड्रम जोरात फिरला की दाणा वरून धड दिसतो, पण जूनमध्ये उगवत नाही. मळणीची शिफारस मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांची आहे, आणि दाण्यात ओल १३ ते १५ टक्के असावी.

तेव्हा कापणीआधी उभ्या पिकात चौकट टाका. तिथे गळलेले दाणे कापणीला झालेल्या उशिराचे, यंत्राचे नाहीत, ते वजा करा. पहिला फेरा झाला की यंत्र थांबवा आणि पुन्हा मोजा. जास्त निघाले तर कटर खाली, वेग कमी. चालक कुरकुर करेल, करू द्या. मोजल्याशिवाय दुसरा फेरा मारू देऊ नका.